छप्पर हरवलेला शिपाई : हजरत बाबा ताजुद्दीन (रह.)

मोहर्रम महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरचा उमरेड मार्ग माणसांनी भरून जातो. हजरत बाबा ताजुद्दीन (रह.) यांच्या उरुसासाठी ताजबागेत दूरदूरचे लोक येतात. आमच्या हिमायतनगरहून उमरखेडकडे निघाले की विदर्भाची हद्द लगेच लागते, त्यामुळे आमच्याकडील कुटुंबांनाही नागपूरची वाट परकी नाही. ताजबागेत अन्न वाटले जाते, चादरी चढवल्या जातात, रात्रभर दिवे जळतात. कबरीजवळच्या कोणत्या प्रथा योग्य आणि कोणत्या अयोग्य, यावर आपल्यात मतभेद आहेत. तो विषय विद्वानांकडे सोपवून या लेखात एका वेगळ्याच गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. आज ज्यांच्या समाधिस्थळी हजारो लोकांना सावली मिळते, ते बाबा एके काळी फौजेचे शिपाई होते. फौज सोडल्यानंतर त्यांना वर्षानुवर्षे स्वतःचे छप्पर नव्हते, आणि त्यांच्या वयाची सुमारे सोळा वर्षे वेड्यांच्या इस्पितळात गेली. त्यांच्या चमत्कारांच्या कथा आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. त्यांना घर कोणी दिले आणि कोणी दिले नाही, ही कथा मात्र फारशी सांगितली जात नाही.

बाबांचा जन्म २७ जानेवारी १८६१ रोजी नागपूरजवळच्या कामठी येथे झाला. कामठी ही इंग्रजांनी १८२१ मध्ये वसवलेली छावणी. येथे मुख्यतः मद्रास फौजेच्या पलटणी असत. मद्रासी शिपाई बायकामुलांसह पलटणीबरोबर फिरत, म्हणून छावणीच्या आसपास शिपायांच्या कुटुंबांची मोठी वस्ती झाली आणि त्यांत मुसलमान कुटुंबेही बरीच होती. त्या काळी देशी शिपायाला सरकारी घर क्वचितच मिळे. पलटणीच्या हद्दीत रांगेने जागा आखून दिली जाई आणि तेथे शिपाई आपली झोपडी उभारी. पलटण दुसरीकडे निघाली की झोपडी मागे राहायची. फौजी माणसाचे घर असे त्याच्या नोकरीच्या दोऱ्याला बांधलेले होते. दोरा तुटला की घरही सुटले.

बाबांचे वडील सय्यद बद्रुद्दीन हे अशाच फौजेत सुभेदार होते आणि आईचे नाव मरियम बी. मूल वर्षाचे असताना वडील वारले, नवव्या वर्षी आईही गेली. या अनाथ मुलाला नानीने आणि मामू अब्दुर्रहमान यांनी पदराखाली घेतले. मुलगा मकतबात गेला आणि अरबी, फारसी, उर्दू यांबरोबर थोडे इंग्रजीही शिकला. कामठीतील सूफी बुजुर्ग हजरत अब्दुल्लाह शाह कादरी यांची नजर त्याच्यावर लहानपणीच पडली, असे चरित्रांत नोंदलेले आहे. मुलगा अबोल होता आणि एकांतात रमत असे. तरीही नानीच्या घरात त्याला अन्न, वस्त्र आणि माया यांची कधी वाण पडली नाही. त्याच्या आयुष्यातले पहिले छप्पर हे असे एका वृद्ध स्त्रीने धरलेले होते.

तो विशीच्या उंबरठ्यावर असताना कन्हान नदीला मोठा पूर आला. कामठी नदीकाठीच वसलेली असल्याने पाण्याने अनेकांचे संसार नेले, आणि मामूंच्या घराची व मालमत्तेचीही दैना झाली. घर सावरायचे तर कोणी तरी कमावणे भाग होते. वडिलांची वाट समोरच होती. १८८१ च्या सुमारास, वयाच्या विसाव्या वर्षी, ताजुद्दीन पलटणीत भरती झाले. फौजेत जाण्यामागे त्यांची काही युद्धाची हौस नव्हती. पुराने मोडलेले घर पुन्हा उभे राहावे, एवढ्यासाठी एका अनाथ तरुणाने खांद्यावर बंदूक घेतली. आजही आपल्या मराठवाड्यातील कोरडवाहू गावांतून जे तरुण पहाटे रस्त्याने धावत भरतीची तयारी करतात, त्यांपैकी कित्येकांच्या मनात घराची हीच चिंता असते.

काही काळाने पलटणीची बदली मध्य प्रांतातील सागर येथे झाली. तेथे हजरत दाऊद मक्की यांची मजार आहे. दिवसा शिपाई ताजुद्दीन आपले काम करीत आणि रात्री त्या मजारीजवळ अल्लाहच्या स्मरणात बसत. नातू रात्री मुक्कामावर नसतो, ही बातमी कामठीपर्यंत गेली. परक्या मुलखात पोर वाईट संगतीला लागले की काय, या काळजीने नानी सागरला आल्या. एका रात्री त्या नकळत त्याच्या मागोमाग गेल्या आणि तो जिक्रमध्ये बुडालेला पाहून निश्चिंत मनाने परतल्या. प्रवासाची साधने बेताची असताना एक वृद्ध स्त्री शेकडो मैल जाते, ती नातवाला दोष देण्यासाठी नव्हे, तर तो सुखरूप आहे ना हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यासाठी. काळजी घेणे याचा अर्थ काय, हे समजायला या एका प्रवासाची आठवण पुरे आहे.

पुढे ताजुद्दीन यांनी फौज सोडली. त्याविषयी अशी कथा सांगतात की एका इंग्रज अधिकाऱ्याला ते पहाऱ्यावरही दिसले आणि त्याच वेळी मशिदीत नमाज पढतानाही दिसले. जाब विचारला गेला, तेव्हा दोन मालकांची चाकरी आपल्याने होणार नाही असे सांगून त्यांनी सरकारी सामान परत केले. कथेतला चमत्कार ज्याचा त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. आपल्या विषयाला लागतो तो तिचा शेवट. गणवेश उतरला आणि त्याबरोबर पगार, अन्न आणि राहण्याची जागा एका दिवसात गेली. त्या काळच्या नियमांप्रमाणे निवृत्तिवेतनासाठी दीर्घ सेवा लागे, मोजक्या वर्षांच्या शिपायाला काही मिळत नसे. शिवाय ते दिवस फौज आवरण्याचे होते. १८८२ मध्ये एकट्या मद्रास फौजेच्या आठ पलटणी मोडण्यात आल्या. शिपाई कमी झाले ते कागदावर. प्रत्यक्षात ते कुठे तरी रस्त्यावर आले.

नोकरी सुटल्यावर ताजुद्दीन सागरच्या गल्लीबोळांतून फिरू लागले. कपड्यांची शुद्ध नाही, जेवणाची आठवण नाही, बोलणे इतरांना उमगत नाही. खबर कळताच नानीने त्यांना कामठीला आणवले. हकीम, वैद्य, डॉक्टर झाले, गुण आला नाही. रस्त्यावरची पोरे त्यांच्यावर दगड फेकीत आणि मोठी माणसे ते पाहून हसत. अल्लाहच्या प्रेमात भान हरपलेल्याला मज्जूब म्हणतात, हे सूफी परंपरा जाणणाऱ्यांना ठाऊक होते. पण कामठीच्या बाजाराला ते कसे ठाऊक असणार? बाजाराच्या दृष्टीने तो नोकरी सोडलेला, घर नसलेला, डोके फिरलेला एक माजी शिपाई होता. बाजार त्याच्याशी कसा वागला, ते मुलांच्या हातातल्या दगडांवरून कळते.

अशी काही वर्षे गेली. १८९२ मध्ये छावणीतील युरोपीय लोकांच्या क्लबाजवळ ते वस्त्रांचे भान नसलेल्या अवस्थेत गेले. तक्रार झाली आणि त्यांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात धाडण्यात आले. १८५८ च्या कायद्याने भटकत्या व धोकादायक वाटणाऱ्या मनोरुग्णाला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करून अशा इस्पितळात ठेवण्याची मुभा होती. त्याच कायद्यात दुसरी वाटही होती. कोणी आप्त किंवा स्नेही त्याला नीट सांभाळण्याची लेखी हमी देत असेल, तर रुग्ण त्याच्या स्वाधीन करता येई. म्हणजे दार बाहेरून उघडण्याची सोय होती. हमी देणारा एक हात तेवढा हवा होता. तो हात पुढे यायला सुमारे सोळा वर्षे लागली.

या सोळा वर्षांत लोकांची दृष्टी हळूहळू पालटली. कामठीत ज्याच्यावर दगड पडले, त्याच्या भेटीसाठी इस्पितळाच्या दारात रीघ लागू लागली. हिंदू, मुसलमान, पारशी, गरीब, श्रीमंत असे सारे दुआ मागायला येत. येथे थांबून विचार करावा असे वाटते. येणारा प्रत्येक जण स्वतःचे दुःख घेऊन येत होता. मूल होत नाही, खटला सुटत नाही, आजार हटत नाही. ज्याच्याकडे आपण मागायला आलो आहोत तो स्वतः बंद दाराआड आहे, आणि त्याला बाहेर राहायला जागा नाही, हे किती जणांच्या मनात आले असेल?

ज्याच्या मनात आले, तो आपल्या धर्माचा नव्हता. नागपूरच्या भोसले घराण्याचे राजे रघुजीराव यांनी १९०८ मध्ये सरकारकडे खटपट करून बाबांची हमी घेतली. ही हमी दोन हजार रुपयांची होती असे चरित्रांत नमूद आहे, आणि त्या काळात ही रक्कम फार मोठी होती. भोसल्यांचे नागपूरचे राज्य डलहौसीने १८५४ मध्ये खालसा केले होते आणि तेव्हापासून हे घराणे सरकारी तनख्यावर होते. ज्याच्या घराण्याचे सिंहासन इंग्रजांनी काढून घेतले, त्याने त्याच इंग्रजांच्या फौजेतून सुटलेल्या शिपायासाठी आपल्या वाड्याचे दार उघडले. शकरदऱ्याच्या राजवाड्यात बाबांना जागा मिळाली आणि सेवेला माणसे मिळाली. त्यांना भेटायला येणाऱ्या गोरगरिबांनाही राजांनी अडवले नाही. बाबांची अवस्था सुधारावी, मगच घरात घेऊ, अशी अट राजांनी घातली नाही. जसे होते तसे त्यांना घरात घेतले.

पुढे काही वर्षे बाबा सावनेरच्या बाजूला वाकी या गावी राहिले. तेथील काशिनाथराव पाटील यांनी आपल्या शिवारात त्यांची सोय केली. वाकीही कन्हान नदीच्याच काठी आहे. ज्या नदीने तरुणपणी घर मोडले, तिच्याच काठावर उतारवयात एका शेतकऱ्याने आसरा दिला. वाकीच्या मोकळ्या रानात बाबांनी एका जागेला मदरसा म्हटले, एका जागेला शिफाखाना, एका जागेला मशीद. आजारी माणूस आला की त्याला शिफाखान्याच्या झाडाखाली जाऊन पडायला सांगत. भिंती नव्हत्या, पण आलेल्याला आपली जागा कोणती हे कळत होते. ज्याला स्वतःला इतकी वर्षे जागा मिळाली नाही, त्याने आलेल्या प्रत्येकाला जागा नेमून दिली.

शेवटची वर्षे बाबा पुन्हा शकरदऱ्याला आले आणि १७ ऑगस्ट १९२५ रोजी, म्हणजे २६ मोहर्रम १३४४ हिजरीला, अल्लाहच्या भेटीस गेले. अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी नागपूरने पूर्वी क्वचितच पाहिली असेल. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

आता स्वतःकडे वळू या. शिपायाविषयी समाजाचे आणि सत्तेचे कर्तव्य काय, हे इस्लामने फार लवकर ठरवून दिले. आदरणीय उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत हिजरी २० च्या सुमारास दीवान म्हणजे नोंदवही तयार झाली. तिच्यात सैनिकांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची नावे लिहून बैतुलमालमधून त्यांचे वेतन बांधले गेले. त्याआधी हिजरी १७ मध्ये कुफा शहर वसवले गेले, तेच मुळी सैनिक व त्यांची कुटुंबे राहावीत यासाठी. रस्त्यांची रुंदी आखली गेली, कबिल्यांना जागा वाटल्या गेल्या आणि मध्यभागी मशीद उभी राहिली. याच उमरांनी (रजि.) एका वृद्ध यहुदी माणसाला दारोदार भीक मागताना पाहिले. त्यांनी त्याला हाताला धरून घरी नेले, मदत दिली, जिझिया माफ केला आणि बैतुलमालच्या अधिकाऱ्याला बजावले की तारुण्यात ज्याच्याकडून घेतले, त्याला म्हातारपणी वाऱ्यावर सोडणे हा न्याय नव्हे. हाच न्याय शिपायालाही लागू होत नाही काय? त्याने तर आपले तारुण्यच दिलेले असते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीनुसार रक्षणासाठी निघालेल्याच्या घरादाराची जो नीट काळजी घेतो, त्यालाही त्या पुण्यात वाटा मिळतो. सूरह बकराच्या २७३ व्या आयतीत अशा गरजूंचा उल्लेख आहे जे अल्लाहच्या मार्गात अडकल्याने कमाईसाठी फिरू शकत नाहीत, आणि स्वाभिमानामुळे हात पसरत नाहीत म्हणून अजाण माणसाला ते सुखवस्तू वाटतात. जुना शिपाई बहुधा असाच असतो. त्याची पाठ ताठ असते, मिशी नीट असते आणि तो मागत नाही. त्याला ओळखणे हे आपले काम आहे. ज्यांची समज दुबळी आहे त्यांना अन्न द्या, वस्त्र द्या आणि त्यांच्याशी भलेपणाने बोला, अशी आज्ञा सूरह निसाच्या पाचव्या आयतीत आहे. ज्याचे भान हरपले आहे त्याच्यावरून शरीअतने हिशेबाची लेखणी उचलली आहे. ज्याच्याकडून अल्लाह हिशेब मागत नाही, त्याला दगडाने जाब विचारणारे आपण कोण?

आज या कामासाठी बाबांच्या काळापेक्षा पुष्कळ अधिक सोयी आहेत. आपल्या नांदेडसह अनेक जिल्ह्यांत माजी सैनिकांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते. निवृत्तिवेतन नसलेल्या, हवालदार किंवा त्याखालील दर्जाच्या वृद्ध माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मासिक साहाय्य मिळू शकते, आणि त्याचा अर्ज याच कार्यालयामार्फत होतो. पुण्याजवळ खडकी येथे पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर असे ठरवून दिले आहे की केवळ घर नाही किंवा घरचे स्वीकारत नाहीत, एवढ्याच कारणाने कोणालाही मनोरुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही. हा कायदा वाचताना नागपूरची ती सोळा वर्षे आठवल्याशिवाय राहत नाहीत.

पण कायदा आणि कार्यालय यांच्यापर्यंत माणूस पोहोचवायला कोणी तरी लागतो. सेवामुक्तीचे कागद हरवलेले असतात, आधारकार्डावरचे नाव आणि फौजेतले नाव जुळत नाही, विधवेला अर्ज लिहिता येत नाही. रेल्वे फलाटावर किंवा एसटी स्थानकाच्या ओट्यावर झोपणारा माणूस कोण, कुठला, हे कोणी विचारत नाही. प्रत्येक मशिदीच्या समितीने आपल्या मोहल्ल्यातील जुन्या शिपायांची आणि त्यांच्या विधवांची एक साधी यादी केली, धर्म न विचारता, तर तो आपला छोटासा दीवान होईल. मदरशात शिकलेल्या मुलांनी त्यांचे अर्ज लिहून द्यावेत. जकातीचे हक्कदार सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत सांगितलेले आहेत. त्यांत फकीर आणि मिसकीन आहेत, कर्जात बुडालेला आहे आणि वाटेत निराधार झालेला मुसाफिरही आहे. जकातीच्या नियमांत जे बसत नाहीत त्यांच्यासाठी सदक्याचे दार सदैव खुले आहे. आणि भान हरपलेला कोणी दिसला तर त्याच्यावर हसणाऱ्या मुलांना प्रथम आपण थांबवावे. टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आजारासाठी विनामूल्य सल्ला मिळतो, तोही घ्यावा.

बाबा ताजुद्दीन (रह.) यांच्या आयुष्यात छप्पर देणारे मोजकेच होते. एक नानी, एक मामू, एक राजा, एक पाटील. अंत्ययात्रेत आणि पुढे उरुसात आलेल्यांची गणती नाही. कबरीवर चादर चढवणे सोपे असते, कारण कबर काही मागत नाही, तिला वास येत नाही, ती रात्री ओरडत नाही. जिवंत माणसाच्या अंगावर चादर घालायची तर त्याला आधी घरात घ्यावे लागते. या वर्षी आपल्यापैकी कोणी नागपूरला जाईल, कोणी जाणार नाही. पण परतीच्या वाटेवर किंवा आपल्याच गावच्या स्थानकावर थंडीत कुडकुडणारा एखादा म्हातारा दिसला, तर त्याला ओलांडून पुढे जाऊ नये. त्याच्या अंगावर कधी काळी गणवेश होता की नाही, ते नंतर विचारता येईल.

अल्लाह आपल्याला पाहणारी नजर आणि उघडणारे दार देवो. आमीन.